गाडीतलं गाणं आणि वॉटचा हिशेब



फोनवर कुणाला नाव लिहून द्यायचं असलं की आपण म्हणतो, 'स लिहा, सशाचा स. फ नव्हे.' समोरासमोर बसून बोलताना ही वेळ सहसा येत नाही. कारण साधं आहे. माणसाच्या कानाला तरुणपणी साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणजे सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंत. जुनी टेलिफोनची व्यवस्था त्यातला ३०० ते ३,४०० एवढाच पट्टा पलीकडे पोचवायची. आ, ओ, ऊ हे स्वर त्यात मावतात. 'स'चा सिसकारा मात्र खरा सुरू होतो तो ४,००० च्या वर. तो वाटेतच गळून पडतो. माणूस कोण आहे ते कळतं, रागावलाय की खुशीत आहे तेही कळतं, फक्त अक्षर पोचत नाही. आता मी शेर लिहिणारा माणूस. ऐकणाऱ्याला 'शेर'च्या जागी 'सेर' ऐकू आला, तर माझी कविता किराणा दुकानात जाऊन पडते.

आज मला बोलायचं आहे ते गाडीतल्या स्पीकरबद्दल. स्पीकर, सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे तर काय बघून घ्यावेत? कवीला हा उद्योग कुणी सांगितला, असं तुम्ही म्हणाल. मला तो भाच्याने सांगितला. भाचा टुरिस्ट गाडी चालवतो. सात सीटची, सीएनजीवरची, हप्त्यावर घेतलेली. जत, कवठेमहांकाळ, पलीकडे कर्नाटकातलं अथणी, रायबाग, या बाजूचे पेशंट मिरजेच्या दवाखान्यांत आणायचे आणि परत सोडायचे, हे त्याचं मुख्य काम. मधे पुण्याच्या, मुंबईच्या फेऱ्या. दिवसाचे दहा-बारा तास तो त्या गाडीत बसून असतो. घरापेक्षा गाडीत जास्त राहतो, असं म्हटलं तरी चालेल. त्याने साठवलेले तीस हजार रुपये होते आणि एका दुकानदाराने त्याला डिकीभर मोठा बॉक्स दाखवला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ३००० वॉट. तो म्हणाला, 'मामू, घेऊ का? रात्री गाणं बंद केलं की डोळा लागतोय.'

त्या शेवटच्या वाक्याने मी सावध झालो. चैनीसाठी मागितलं असतं तर मी लक्ष घातलं नसतं. झोपेवरचा उपाय झोप हाच आहे, गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं पडणं हाच, आणि ते मी त्याला तिथंच सांगितलं. पण दिवसभर त्याच्या कानावर काय आदळणार, हा प्रश्न उरलाच.

आधी त्या ३००० वॉटचं बघू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना तारेत साधारण १४ व्होल्ट असतात. अ‍ॅम्प्लिफायर आत जेवढी वीज घेतो, त्यापेक्षा जास्त बाहेर देऊ शकत नाही. ती किती घेतो हे कळायचं असेल तर खोक्याकडे बघू नका. अ‍ॅम्प्लिफायर उलटापालटा करून त्याच्या अंगावरचा फ्यूज बघा. भाच्याला दाखवलेल्या यंत्रावर ३० अँपियरचा फ्यूज होता. ३० गुणिले १४, म्हणजे ४२० वॉट. एवढी वीज आत. जुन्या धाटणीचं यंत्र, ज्याला 'एबी' वर्ग म्हणतात, त्यातली निम्म्याजवळ वीज उष्णतेत घालवतं. नव्या 'डी' वर्गातलं जास्त काटकसरी, शेकडा ऐंशीच्या आसपास वीज आवाजाच्या कामाला लावतं. म्हणजे फार फार तर सव्वातीनशे वॉट. ३००० मधला एक शून्य कुणीतरी दुकानाच्या वाटेवर चिकटवला असावा. फ्यूज बिचारा जाहिरात करत नाही.

खरा आकडा 'आरएमएस' या अक्षरांसमोर लिहिलेला असतो. सतत, न थकता किती वीज मिळेल, ते तो सांगतो. 'पीक', 'मॅक्स' हे आकडे लग्नपत्रिकेतल्या पदव्यांसारखे. अमेरिकेत २००३ पासून एक मानक आहे, आता त्याला 'सीटीए-२००६' म्हणतात. १४.४ व्होल्ट, ४ ओहमचा स्पीकर आणि आवाजातला बिघाड शेकडा एकपेक्षा कमी, अशा अटींवर वॉट मोजायचे. हे नाव खोक्यावर दिसलं तर आकड्यावर बराचसा विश्वास ठेवावा.

तोच हिशेब गाडीबरोबर येणाऱ्या डेकला लावा. त्याच्यावर ५० गुणिले ४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आतली छोटी चिप व्होल्टेज वाढवू शकत नाही. १४.४ व्होल्टमधून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ वीज जास्तीत जास्त २६ वॉट मिळू शकते, आणि व्यवहारात पंधरा-वीस. पण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. रोजच्या ऐकण्याला एवढी वीज बरीच होते. वीज दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, कानाला जाणवेल न जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वीज साधारण दहापट लागते. याच्या उलट, स्पीकर निवडताना त्याची 'सेन्सिटिव्हिटी' बघितली, ८८ च्या जागी ९१ डेसिबलचा घेतला, तर तेच ३ डेसिबल फुकटात पदरात पडतात. माहितीच्या कागदावर ही ओळ असते. दुकानात ती कुणी वाचून दाखवत नाही, आपण वाचायची.

मग पैसे कुठे घालायचे? माझं मत स्पष्ट आहे. आधी पुढच्या दोन दारांत.

ऐकणारा पुढे बसतो. गाणारा समोर असावा, ही आपली सवय. मैफलीत कुणी गायकाकडे पाठ करून बसत नाही. आणि शब्द, मी सुरुवातीला म्हटलं तो 'स' आणि 'श'मधला फरक, तो पुढच्या स्पीकरच्या छोट्या ट्वीटरमधून येतो. सबवूफरमधून एक अक्षरही ऐकू येत नाही. त्याचं काम ८० हर्ट्झच्या खालचं, आणि पुरुषाचा बोलण्याचा आवाजसुद्धा बहुतेक त्याच्या वरच सुरू होतो. कितीही मोठा बॉक्स डिकीत ठेवला तरी गाण्यातला शब्द त्याने एक तसूभर स्पष्ट होणार नाही. उलट झाकला जाईल.

पुढच्या स्पीकरचे दोन प्रकार. एकात ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मध्यावरच बसवलेला असतो, त्याला 'कोअ‍ॅक्सियल' म्हणतात. स्वस्त, बसवायला सोपा. दुसऱ्यात ट्वीटर वेगळा असतो आणि तो वर, आरशाच्या कोपऱ्याजवळ बसवता येतो, तो 'कंपोनंट'. दारातला स्पीकर तुमच्या पोटरीशी बोलत असतो, हे कधी लक्षात आलंय का? उंच पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, त्यामुळे तो गुडघ्याला आणि सीटच्या कापडाला ऐकू येतो. ट्वीटर वर आला की गाणारा माणूस काचेपाशी येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. भाच्यासाठी मी साडेसहा इंची कंपोनंट जोडी धरली. फक्त एक काळजी. काही गाड्यांत काचेच्या खांबाच्या आत पडद्यासारखी एअरबॅग असते. त्या खांबाला भोक पाडायचं नाही. आरशामागच्या त्रिकोणी पॅनेलात ट्वीटर बसवायचा.

आता मिरजेच्या माणसाला ज्याच्यावर बोलायचा हक्क आहे, तो मुद्दा. दीडशेहून जास्त वर्षं आमच्या गावात सतारी आणि तंबोरे घडतात. सतारमेकरांच्या दुकानांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले असतात. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे, आणि उरुसात तिथे दरवर्षी संगीतसभा होते. त्यामुळे आवाज नुसत्या तारेतून येत नाही, तारेच्या मागे जी पोकळी असते तिच्यातून येतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पुरुषांच्या तंबोऱ्याचा भोपळा मोठा, बायकांच्या तंबोऱ्याचा लहान, कारण खर्ज जेवढा खाली तेवढी पोकळी मोठी. भोपळा तडकला की तार कितीही महाग असो, तंबोरा मुका होतो.

स्पीकरचंही असंच. कागदाचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा ढकलतो आणि मागची ओढतो. मागची हवा पुढच्या हवेला येऊन मिळाली, की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गाडीच्या दारात तर आतल्या पत्र्याला चारी बाजूंनी भोकं असतात, पत्रा थरथरत असतो, काच खडखडत असते. तडकलेला भोपळाच तो. म्हणून स्पीकर बदलण्याआधी दार उघडून आतल्या पत्र्याला ब्यूटिल रबराचे जाड पट्टे चिकटवायचे, मोठी भोकं बंद करायची, स्पीकरच्या कडेला फोमची गोल पट्टी लावायची. मात्र पावसाचं पाणी जायला दाराच्या तळाशी असलेली छिद्रं मोकळी ठेवायची, नाहीतर दार गंजतं. या कामाला दोन-तीन हजार रुपये आणि एक दुपार लागते. दुकानदार ते आपणहून सुचवत नाही, कारण त्यात त्याला फारसं मिळत नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही. भाच्याच्या गाडीत हे काम झालं तेव्हा कंपनीचेच स्पीकर अजून तिथे होते. डग्ग्याचा घुमारा तेवढ्यानेच भरून आला.

सबवूफरचा मी शत्रू नाही. गाडी ८० च्या वेगाने चालली की आत टायरचा आणि वाऱ्याचा साधारण ६५ ते ७० डेसिबलचा आवाज असतो, आणि त्यातला बराचसा खालच्या पट्टीतला. तो गाण्यातला खर्ज गिळतो. माणूस काय करतो? सगळाच आवाज वाढवतो. म्हणजे खर्जासाठी ट्वीटरची किंमत मोजतो, कानाने. छोटा सबवूफर ही गिळलेली पट्टी भरून काढतो आणि बाकीचा आवाज कमी ठेवता येतो. हे मला पटतं.

पण किती छोटा? ते तुम्ही काय ऐकता त्यावर आहे. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झच्या आसपास. डग्गा शंभराच्या आगेमागे. कव्वाली, अभंग, नाट्यगीत, गझल, जुनी सिनेगीतं, यांच्यासाठी नीट बंद केलेल्या दारातले साडेसहा इंची स्पीकर बहुतेक पुरतात. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची आणि आजच्या संगणकावर केलेल्या गाण्यांतला ठोका त्याच्याही खाली जातो. तिथे सबवूफर हवाच. भाचा दोन्ही ऐकतो. तरुण आहे, ऐकणारच.

बॉक्सचेही प्रकार आहेत. बंद बॉक्स आकाराने लहान आणि ठोका आखूड, नेमका. नळी असलेला बॉक्स त्याच विजेत जास्त घुमतो, पण जागा जास्त घेतो. बॉक्सचं माप अंदाजाने ठरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित मांडलं. स्पीकरच्या कागदावर 'थील-स्मॉल' आकडे दिलेले असतात, त्यांवरून किती लिटरचा बॉक्स लागेल ते निघतं. १० इंची सबवूफरचा बंद बॉक्स साधारण २० लिटरचा, म्हणजे आपल्या पिण्याच्या पाण्याच्या जारएवढा. १२ इंची नळीवाला सहज ५० लिटरच्या घरात जातो. भाच्याच्या डिकीत आधीच गॅसची टाकी. उरलेल्या जागेत पेशंटची घडीची व्हीलचेअर जायची असते. दुकानदाराच्या त्या बॉक्ससाठी व्हीलचेअर घरी ठेवावी लागली असती, आणि मग त्या गाडीला पेशंटने का बसावं?

म्हणून सीटखाली बसणारा चपटा सबवूफर. ८ इंची, त्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर. ४० हर्ट्झच्या खाली तो फारसा जात नाही. छाती धडधडवणार नाही, गाणं भरून काढील. बसवताना सीटखालची उंची मोजायची, सीट पूर्ण मागे-पुढे करून बघायची, आणि तिथल्या पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा नाही. ते एअरबॅगचे असतात.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दल थोडक्यात सांगतो. खऱ्या ५० वॉटचे चार चॅनेल कुटुंबाच्या गाडीला भरपूर झाले. ती वीज आवाज मोठा करण्यासाठी घ्यायची नसते, आवाज फाटू नये म्हणून घ्यायची असते. ताकद संपली की यंत्र लाटेचे शेंडे छाटतं, त्याला 'क्लिपिंग' म्हणतात. आवाज कर्कश होतो आणि ट्वीटर जळतात. डेकला वेगळं आउटपुट नसेल तर स्पीकरच्याच तारांवरून सिग्नल घेणारा, म्हणजे 'हाय लेव्हल इनपुट'चा अ‍ॅम्प्लिफायर मागायचा. कंपनीची वायरिंग कापायची नाही, तयार कपलर मिळतात, नाहीतर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

तारेत मात्र कंजुषी नको. अ‍ॅम्प्लिफायरची मुख्य तार थेट बॅटरीपासून येते. तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरातच हवा, कारण हा फ्यूज यंत्रासाठी नसून तारेसाठी असतो. तार कुठे घासून पत्र्याला लागली तर गाडी पेटू शकते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून खपवतात. टोकाला ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर ओळखा. सीएनजीची नळी ज्या बाजूने गेली आहे, त्याच्या विरुद्ध बाजूने तार न्यायची. इथे मी भाच्याला जरा आवाज चढवून बोललो. मागे आजारी माणूस बसलेला असतो.

आणखी एक युक्ती सांगतो. भिंतीवरच्या घड्याळातला साधा दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागलं तर शंकू बाहेर सरकतो. उलट लागलं तर आत. डावा-उजवा असे दोन्ही तपासा. एक उलटा जोडला गेला तर दोघं मिळून खर्ज मारून टाकतात आणि गाणारा समोर न दिसता कुठेतरी सांदीत हरवतो. सबवूफर हवा, म्हणून लोक दुकानात जातात, त्यातल्या काहींच्या गाडीत एवढंच बिघडलेलं असतं. ट्वीटरवर मात्र हा सेलचा प्रयोग करू नका.

आता कानाचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली. मोठ्या माणसाला ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. भाचा आठवड्याला साठ-सत्तर तास गाडीत असतो. तो आकड्यांचा माणूस आहे, हप्ते फेडतो. हे गणित त्याला माझ्या उपदेशापेक्षा लवकर कळलं. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप मिळतं, ते अंदाजे असतं, पण ७५ आणि ९० मधला फरक त्यात दिसतो. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी उंच पट्टी ऐकतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि आधी वरचेच आवाज जातात, 'स', 'श', 'फ', 'थ' यांचे. ऐकू येतं पण समजत नाही, असं म्हणणारी म्हातारी माणसं आपल्या घरोघरी आहेत. पंचविशी-तिशीत ही वेळ कशाला आणायची? शिवाय मागून येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू यायला नको का?

तीस हजारांत सगळं बसलं. दारांचं काम, पुढची कंपोनंट जोडी, चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आणि सीटखालचा सबवूफर, तारांसकट. मागच्या दारांत कंपनीचेच स्पीकर ठेवले. अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'गेन' नावाचं बटण हे आवाजाचं बटण नव्हे, हे बसवणाऱ्या मुलालाही समजावून सांगावं लागलं. डेकचा आवाज पाऊण भागावर ठेवायचा, ओळखीचं गाणं लावायचं, गेन हळूहळू वाढवायचा, कुठे फाटायला लागलं की थोडं मागे यायचं आणि ते बटण विसरून जायचं. सबवूफरची मर्यादा ८० हर्ट्झवर. त्याचा आवाज आधी कळेल इतका वाढवायचा, मग तो आहे हे लक्षात येणार नाही इतका उतरवायचा. चालू असताना दिसू नये, बंद केला तर चुकल्यासारखं वाटावं.

पुढचे-मागचे आवाज कमीजास्त करायचं 'फेडर' बटण आता दोन ठिकाणी थांबतं. रिकामी गाडी परत येताना मध्यावर, आणि मागे पेशंट झोपलेला असताना पूर्ण पुढे. तेव्हा सबवूफरही बंद, कारण त्याची थरथर सीटमधून मागे जाते. हे बंद करायचं मात्र मी सांगितलं नव्हतं, अथणीच्या एका आजींना सोडून आल्यावर त्याने आपणहून सुरू केलं.